आखाती उन्हाळ्यासाठी बाग प्रिंट, महेश्वरी आणि इंदूरचे शिवणकाम

इंदूरहून शारजाला थेट विमान जाऊ लागल्यापासून येथील मराठी घरांमध्ये आखाती प्रवासाचे अप्रूप बरेच ओसरले आहे. कोणाचा मुलगा दुबईत नोकरीला असतो, कोणाची भाची मस्कतला, आणि शाळांच्या सुट्ट्या नेमक्या उन्हाळ्यात येतात. त्यामुळे तेथील हवा तापू लागलेली असतानाच बहुतेकांचे जाणे होते. तिकीट आणि व्हिसा यांची चौकशी सगळेच करतात, परंतु कपड्यांचा विचार शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबतो, आणि मग एखाद्या मॉलमधून पूर्ण बाह्यांचे काहीतरी जाडेभरडे घाईने उचलून आणले जाते. शारजा, अबुधाबी आणि मस्कत या तीन शहरांत एप्रिलअखेरीस फिरताना आम्ही घरच्यांनी जे अंगावर घातले, म्हणजे बाग प्रिंटचे (बाग या गावच्या हातठशांच्या छपाईचे) सुती कुर्ते, महेश्वरला विणले जाणारे महेश्वरी कापड, तयार मिळणारी प्रवासी पँट आणि सासूबाईंच्या साड्या, त्या सर्वांचे हे परीक्षण आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकते. बाग प्रिंटच्या सुती कापडाइतके या प्रवासाला योग्य असे दुसरे काही मला आढळले नाही. आणि महेश्वरी, जे मला एरवी अधिक प्रिय आहे, ते या कामासाठी फारसे उपयोगी नाही.

प्रथम नियम काय आहेत ते पाहू, कारण कापडाची निवड त्यावरच ठरते. संयुक्त अरब अमिराती आणि ओमान या दोन्ही देशांत परदेशी स्त्रीने रस्त्यावर डोके झाकलेच पाहिजे असा कायदा नाही, आणि बुरख्याची सक्ती तर मुळीच नाही. मात्र सातही अमिरातींमध्ये शारजा सर्वांत सनातनी आहे. तेथे २००१ साली सभ्य वर्तनाचे आणि पोशाखाचे नियम जाहीर झाले. त्यांत पोट, खांदे आणि पाठ उघडी टाकणारे, गुडघ्याच्या वर राहणारे, तसेच अंगाला चिकटणारे आणि पारदर्शक कपडे सार्वजनिक ठिकाणी नकोत असे म्हटले आहे. अबुधाबीच्या शेख झायेद मशिदीत स्त्रियांना डोक्यावर ओढणी, मनगटापर्यंत बाह्या आणि घोट्यापर्यंत सैल वस्त्र लागते. पुरुषांना अर्धी चड्डी चालत नाही. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीचे नियम जवळपास हेच आहेत, आणि मुस्लिमेतर पाहुण्यांसाठी ती शुक्रवार सोडून इतर दिवशी सकाळी आठ ते अकरा एवढा वेळच उघडी असते. हे केवळ मशिदींपुरते आहे असेही नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालेल्या अबुधाबीच्या बीएपीएस हिंदू मंदिरातही मान, कोपर आणि घोटे यांच्यामधील अंग झाकलेले असावे, कपडे तंग किंवा पारदर्शक नसावेत, अशी स्पष्ट सूचना आहे.

हे सगळे नियम एकत्र वाचले की एक गोष्ट लक्षात येते. अंग किती झाकायचे याबद्दल ठिकठिकाणी थोडा फरक आहे, परंतु कपडा सैल असावा आणि आरपार दिसणारा नसावा, याबद्दल सर्वत्र एकमत आहे. आपल्याकडे खरेदी करताना आपण बाहीची लांबी पाहतो, गळा पाहतो. कापड उजेडासमोर धरून पाहणारे थोडेच. माळव्याच्या उन्हाळ्यात पातळ, जाळीदार कापड हाच आपला सोबती असल्यामुळे त्या कापडाच्या पारदर्शकपणाकडे आपले लक्षही जात नाही. तिकडे मात्र संगमरवरी अंगणातून वर उसळणारे ऊन आणि दुपारच्या तिरप्या प्रकाशात चालणारी माणसे, अशी परिस्थिती असते. तेव्हा पायघोळ असूनही कुर्ता निरुपयोगी ठरू शकतो.

दुसरा प्रश्न उष्म्याचा. एप्रिलअखेरीस मस्कतचा पारा इंदूरपेक्षा वर असतो असे नाही. त्रास होतो तो दमटपणाचा. आपल्याकडे लू चालते तेव्हा घाम सुटताच वाळतो, आणि सूर्यास्तानंतर शब-ए-माळवा म्हणून जिचे कौतुक होते ती गार झुळूक येते. समुद्रकाठच्या आखाती शहरांत घाम वाळत नाही, तो कापडातच राहतो, आणि रात्रही फारशी सुटका करत नाही. म्हणून तेथे कापड किती पातळ आहे यापेक्षा ते अंगापासून किती दूर राहते आणि मधून हवा खेळते की नाही, याला महत्त्व येते. वाळवंटातील बेदुइन, म्हणजे भटके अरब लोक काळे पायघोळ झगे का घालतात, या प्रश्नावर १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. त्यात काळा आणि पांढरा झगा घालून उन्हात उभे करून मोजमाप केले असता शरीराला पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच आढळली. काळे कापड जास्त तापत होते हे खरे, परंतु ती जादा उष्णता सैल झग्यातील खेळत्या हवेमुळे कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच निघून जात होती. गडद रंगाचे कपडे उन्हाळ्यात नकोच, हा आपला हट्ट त्यामुळे थोडा सैल करता येतो. बाग प्रिंटच्या बाबतीत हे फार सोयीचे आहे, कारण तांबडा आणि काळा हेच तिचे मुख्य रंग.

बाग हे गाव धार जिल्ह्यात, इंदूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तेथील खत्री कारागीर सुती कापड आधी धुऊन, एरंडेल, खारी माती आणि शेळीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात मुरवतात; मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात; त्यानंतर लाकडी ठशांनी छपाई होते, तांबड्यासाठी तुरटीचे आणि काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचे मिश्रण वापरून. छापलेले कापड काही दिवस तसेच ठेवून बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि शेवटी अलिझरीन हा तांबडा रंग व धावडीची फुले घातलेल्या तांब्याच्या कढईत उकळतात. ही लांबलचक प्रक्रिया येथे सांगण्याचे कारण असे, की तिचा परिणाम अंगावर घातल्यावर जाणवतो. इतक्या वेळा धुतलेले, मुरलेले, उकळलेले कापड विकत घेतानाच मऊ असते. त्याची कांजी केव्हाच गेलेली असते आणि नव्या सुती कापडासारखे ते कडक, खरखरीत लागत नाही. शिवाय ठसे बहुधा इतके दाट असतात, की कापड मध्यम पोताचे असले तरी पलीकडचे दिसत नाही. प्रकाश आला तरी डोळा नक्षीवर अडतो. एकरंगी पांढऱ्या किंवा फिकट गुलाबी सुती कुर्त्याला अस्तर लावल्याशिवाय जे साधत नाही, ते येथे छपाईच साधून देते.

माझे दोन्ही कुर्ते पायघोळ, कळ्यांचे आणि मनगटापर्यंत सैल बाह्यांचे होते. सुलतान काबूस मशिदीच्या दारावर ओढणी डोक्यावर घेण्यापलीकडे मला काहीही करावे लागले नाही. सोबत आलेल्या एका बाईंना मात्र लेगिंग्जमुळे तेथे भाड्याने अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा, घ्यावा लागला, आणि तो कृत्रिम धाग्याचा असल्याने बाहेर येईपर्यंत त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. मशीद पाहण्यासारखीच आहे: मुख्य प्रार्थनागृहातील इराणी विणीचा गालिचा एकसंध आणि २१ टन वजनाचा आहे, आणि तो विणायला ६०० कारागीर स्त्रियांना चार वर्षे लागली. तो पाहत निवांत उभे राहायचे तर अंगावर उसने प्लॅस्टिकसारखे वस्त्र नसलेले बरे.

बाग प्रिंटचे दोषही सांगायला हवेत. घाम पुष्कळ आला की कापड जड होते आणि दमट हवेत रात्रभर टांगूनही शिवणीच्या जागी, विशेषतः काखेत आणि कॉलरपाशी, ओलसर राहते. त्यामुळे रोज धुऊन रोज घालण्याचा बेत असेल तर दोन कुर्ते पुरणार नाहीत, तीन हवेत. रंग पक्का असला तरी पहिल्या दोन-तीन धुण्यांत तांबडा थोडा सुटतो. हॉटेलातील पांढऱ्या टॉवेलवर तो उतरला तर नुकसानभरपाई आपल्यालाच द्यावी लागेल. घरीच मीठ घातलेल्या गार पाण्यात आधी धुऊन घ्यावे. आणखी एक सावधगिरी म्हणजे बाजारात बाग प्रिंट म्हणून विकले जाणारे बरेच कापड यंत्रावर छापलेले असते. उलटी बाजू पाहावी, ठशांचे सांधे शोधावेत. ठसा जेथे ठशाला भिडतो तेथे केसभर फरक दिसला तर हाताचे काम समजावे. एकसारखे, निर्दोष, चकचकीत कापड दिसले तर संशय घ्यावा.

महेश्वरीबद्दल लिहिताना मन थोडे जड होते, कारण होळकरांच्या इंदूरात वाढलेल्या कोणाही मराठी बाईला या कापडाचा अभिमान असतो. अहिल्याबाईंनी महेश्वर राजधानी केल्यावर तेथे विणकर वसवले, आणि रेशमी ताणा व सुती बाणा यांचे हे हलके वस्त्र त्या परंपरेतून आजपर्यंत आले आहे. घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडी कोरीवकामावरून घेतलेले काठ, दोन्ही बाजूंनी नेसता येण्याजोगी विण, हाताला लागणारा गारवा, हे सगळे निर्विवाद आहे. परंतु कुर्त्यासाठी घेतलेले माझे मोतिया रंगाचे महेश्वरी कापड अबुधाबीत सकाळी नऊच्या उन्हात अक्षरशः आरपार दिसू लागले. त्याला अस्तर लावले तर दोन थर होतात आणि ज्या हलकेपणासाठी ते घ्यायचे, तो हलकेपणाच संपतो. रेशमाच्या ताण्यावर घामाचे डागही पडतात आणि ते सहज जात नाहीत. गडद निळा किंवा वांगी रंग घेतला तर पारदर्शकपणा कमी होतो, डागांचा प्रश्न तरीही उरतो.

ओढणी म्हणून मात्र महेश्वरीला तोड नाही. ती डोक्यावर घेतली तरी कानांना आणि मानेला उकडत नाही, आणि दुपदरी घडी घातली की पारदर्शकपणाचा प्रश्न मिटतो. डोक्यावरून ती घसरते, कारण रेशीम घसरणारच. त्यासाठी दोन बारीक पिना हाताशी ठेवाव्यात. निव्वळ सुती महेश्वरी ओढणीही मिळते, ती घसरत नाही, पण थोडी जाड असते. लांबी किमान अडीच मीटर घ्यावी, म्हणजे डोके, खांदे आणि छाती एकाच वेळी झाकता येतात. सिंथेटिक जॉर्जेटची ओढणी कितीही सुंदर असली तरी त्या हवेत डोक्यावर घेणे ही शिक्षाच आहे.

तयार प्रवासी पँट ही तिसरी वस्तू. पटकन वाळणारी, सुरकुत्या न पडणारी, पुष्कळ खिशांची अशी तिची जाहिरात असते आणि ती जाहिरात खोटी नाही. रात्री धुतली की सकाळी कोरडी मिळते. तथापि दमट उन्हात हे नायलॉनचे कापड मांडीला चिकटून बसते, आणि चिकटले म्हणजे नियमातील 'तंग' या शब्दात ते बसू लागते. माझ्या जोडीची शिवणही बसमधून उतरताना गुडघ्यापाशी उसवली. एवढी किंमत घेणाऱ्या कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती. एका ठिकाणी मात्र ती पँट सर्वांत उपयोगी ठरली: ओमानमधील वाद्यांमध्ये, म्हणजे डोंगरांतून वाहणाऱ्या झऱ्यांच्या दऱ्यांमध्ये. वादी शाबसारख्या जागी पाण्यात उतरायचे असते, आणि तेथे पर्यटकांनी अंगभर कपड्यांत राहावे अशी अपेक्षा आहे. सुती कुर्ता भिजला की दगडासारखा जड होतो आणि अंगाला चिकटतो. तेथे गडद रंगाची नायलॉनची पँट आणि त्यावर सैल, गडद टी-शर्ट हाच योग्य पोशाख. केवळ त्यासाठी एक जोड न्यावी, साधी आणि स्वस्त चालेल.

आता साडी. आमच्या सासूबाई साडीखेरीज काही नेसत नाहीत आणि त्यांच्या वयाच्या इंदूरकर मराठी बायकांपैकी अनेकींचे तसेच आहे. शारजा-दुबईच्या रस्त्यांवर साडी नेसलेल्या भारतीय स्त्रिया रोज दिसतात, त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. प्रश्न येतो तो मशिदीत, कारण पोट आणि पाठ उघडी राहते. यावर आम्ही केलेली व्यवस्था यशस्वी झाली, म्हणून सविस्तर लिहिते. ब्लाउजऐवजी कमरेखाली चार बोटे येणारे, बंद गळ्याचे, पूर्ण बाह्यांचे जुन्या पद्धतीचे सुती पोलके शिवून घेतले; त्यावर साडी नेसून पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि तोच डोक्यावर ओढला. परकर घोट्याच्या हाडापर्यंत ठेवला, कारण पायऱ्या चढताना साडी वर ओढली जाते. सुती साडीला कडक खळ देऊ नये, एरवी निऱ्या फुगतात आणि वाऱ्यावर पाय उघडे पडतात. सासूबाईंना शेख झायेद मशिदीत कोणीही अडवले नाही. उलट दारावरच्या एका कर्मचारी मुलीने त्यांचा पदर सरकताना पाहून स्वतःहून पिन काढून दिली.

पुरुषांचे काम सोपे आहे आणि बहुधा तेच ते बिघडवतात. गुडघ्याखाली येणारी बर्म्युडाही मशिदीत चालत नाही, आणि मस्कतच्या जुन्या मुत्रा बाजारात फिरताना ती विजोड दिसते. लिननची किंवा पातळ सुताची सैल पूर्ण पँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट एवढे पुरे. आमच्याकडे यजमानांनी दोन जोड पायजमा-कुर्ता नेले आणि जीन्सकडे पुन्हा पाहिले नाही. ओमानी पुरुषांचा दिशदाशा पाहिला की या हवेत पोशाख कसा असावा याचा वस्तुपाठ मिळतो: गळ्यापासून घोट्यापर्यंत सैल, बहुधा पांढरा, आणि गळ्यापाशी लोंबणारा एक छोटा गोंडा, ज्याला फुराखा म्हणतात आणि जो अत्तरात बुडवण्याची पद्धत आहे. घामाच्या देशातली ही सुगंधाची सोय मला फार आवडली.

पादत्राणे पट्कन काढता-घालता येतील अशीच हवीत, बक्कल आणि नाड्या नकोत. सोबत पातळ सुती मोजे ठेवावेत, कारण प्रार्थनागृहाबाहेर अनवाणी चालावे लागते आणि ऊन चढलेले असते. दुकाने, बस आणि मॉल यांतील वातानुकूलन इतके कडक असते की एक शाल लागतेच. खांद्याच्या पिशवीत ती महेश्वरी ओढणीच्या खाली सहज मावते.

कपड्यांखेरीज बॅगेत काय असू नये, हेही आपल्या माणसांना सांगणे आवश्यक आहे. अमिरातींमध्ये खसखस बंदी घातलेली वस्तू आहे आणि ती नेल्याबद्दल लोकांना अटक झालेली आहे. मुलाला आवडतात म्हणून डब्यात भरलेले अनारसे, खसखस लावलेले लाडू किंवा गोडा मसाला नेण्यापूर्वी घटक तपासावेत. इंदुरी शेवेला काही अडचण नाही. कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल असलेली खोकल्याची व वेदनाशामक औषधे तेथे नियंत्रित यादीत आहेत. ती लागतच असतील तर आधी परवानगी घ्यावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी मूळ वेष्टनासह बाळगावी.

राहता राहिली खरेदी आणि शिवण. हातठशाचे खात्रीचे बाग प्रिंट आणि महेश्वरी ओढण्या मध्यप्रदेश शासनाच्या मृगनयनी विक्रीकेंद्रात मिळतात. नक्षीची विविधता मर्यादित असते, परंतु यंत्राचा माल हाताचा म्हणून गळ्यात पडण्याची भीती नसते. पोलक्यांसाठी, परकरांसाठी आणि अस्तरासाठी राजवाड्यामागचे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट उत्तम, फक्त तेथील बरीच दुकाने घाऊक व्यवहाराची असल्यामुळे दोन मीटर मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे थोडे उशिरा लक्ष दिले जाते. सीतलामाता बाजारात तयार कुर्ते मुबलक असले तरी लांबी बहुधा गुडघ्याशी संपते आणि बाह्या पाऊण असतात.

शिवणाऱ्याच्या बाबतीत मात्र मला तक्रार आहे. आमच्या भागातील एका शिंप्याने पायघोळ सांगितलेला कुर्ता पोटरीपर्यंतच ठेवला आणि अस्तर त्याहून वीतभर आखूड लावले. कारण विचारता 'आजकाल असंच चालतं, ताई' हे उत्तर मिळाले. दुसऱ्या एका बाईंनी, ज्या घरीच यंत्र चालवतात, तेच काम सांगितल्याप्रमाणे केले, बगलेत तिरप्या कापडाची चौकट घातली म्हणून हात वर करताना कुर्ता ओढला जात नाही, आणि बाजूला एक आतला खिसा न सांगता लावला, ज्यात पासपोर्ट बसतो. कापड शिवायला टाकण्यापूर्वी एकदा धुऊन वाळवून न्यावे, कारण सुती कापड आकसते आणि घोट्यापर्यंतचा कुर्ता दुसऱ्या धुण्यात दोन बोटे वर जातो. माप देताना प्रवासात घालायची चप्पल पायांत असावी, आणि कापलेल्या कुर्त्याची तळाची दुमड किमान चार बोटे ठेवायला सांगावी. लग्नसराईत हे शिंपी पंधरा-वीस दिवसांखाली काम हाती घेत नाहीत, तेव्हा एप्रिलअखेरीस विमान असेल तर कापड मार्चमध्येच त्यांच्याकडे पोहोचलेले असावे.